सोळा आण्यांतलं गाव

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. माझ्या आजोळी हे काम थोरल्या मामांकडे असे. ते पायली राशीत खुपसत, भरून उचलत, तळव्याने वरची शीग बसवत आणि पोत्यात उपडी करताना आकडा मोठ्याने म्हणत. मध्येच कोणी हाक मारली तर ओ देत नसत. 'सात, सात, सात' असा तोच आकडा घोकत राहत, म्हणजे विसर पडायला नको. 'उत्साह शिगेला पोहोचला' असं आपण आज सहज लिहितो, तेव्हा ही शीग कुठली ते बहुतेकांच्या ध्यानात नसतं. मापाच्या काठावर धान्याचं जे टोक उभं राहतं ती शीग. देताना शीग लावून दिलं की काठाला हात फिरवून दिलं, यावरून त्या घराची दानत गावभर ठरायची.

या मापांना एक खोड होती. पायली चार शेरांची, हे सगळ्यांना मान्य होतं. पण शेर कुठे सगळीकडे सारखा होता? शेजारच्या गावची पायली आमच्या पायलीत बसत नसे आणि त्याचं कोणाला दुःखही नव्हतं. दोन्ही गावांना एकमेकांची मापं माहीत होती. अडचण होते ती लांबच्या माणसाची. कचेरीत बसून दोन तालुक्यांची तुलना करायची तर दोन्हीकडे माप एकच लागतं, आणि मग ते माप गावाबाहेरून यावं लागतं.

पेशवाई बुडाल्यावर दहाएक वर्षांनी असं माप घेऊन रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा मुलकी अधिकारी पुणे जिल्ह्यात उतरला. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याच्या डोक्यात पक्का बसलेला. पिकाच्या किमतीतून लागवडीचा सगळा खर्च वजा करायचा, जो निव्वळ नफा उरेल त्याचे ५५ टक्के सरकारचे. गणित म्हणून यात खोट काढायला जागा नाही. पण शेतकऱ्याचा खर्च किती, बैल किती दिवस राबला, वैरणीची किंमत काय धरायची, हे आकडे भरणार कोण? ते भरले हाताखालच्या कारकुनांनी, आणि कोणाच्या शेताचे किती भरायचे याचेही दर असावेत अशा रीतीने भरले. इंदापूर तालुक्यात सारा इतका अवजड झाला की कुणबी जमिनी टाकून निघून गेले. कागदावर नफा आणि शिवारात पडीक.

१८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी त्याच इंदापुरात नव्याने आरंभ केला. त्यांनी निव्वळ नफ्याचा नाद सोडला आणि कुदळ हातात घेतली. माती किती खोल आहे, काळी आहे की तांबूस की बरड, हे पाहायचं. त्यात चुनखडीचे खडे असले, वाळू असली, उतार असला, पाणी साचत असलं, तर प्रत्येक दोषागणिक एक पायरी खाली यायचं. अशा नऊ प्रती केल्या आणि प्रत्येक प्रतीला आण्यांत भाव लावला. सर्वात उत्तम जमीन सोळा आणे, मग चौदा, बारा, दहा, असं करत शेवटची दोन आणे. सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जो रकाना आपण पाहतो, त्याचं मूळ या उठाठेवीत आहे. 'सोळा आणे खरं' हा शब्द आपल्या तोंडी होताच. आता मातीचा कसही त्याच रुपयात मोजला जाऊ लागला.

मातीनंतर पिकाची पाळी आली. यंदाचं पीक रुपयात किती आणे, हे ठरवण्याला आणेवारी म्हणत. पूर्ण पीक सोळा आणे, निम्मं आलं तर आठ. ऐकायला सोपं वाटतं. पण 'पूर्ण पीक' म्हणजे काय? आठवणीतलं सर्वात चांगलं, की नेहमीचं बरं? इंग्रजी अमदानीत सगळ्या प्रांतांनाही याचं एक उत्तर देता आलं नव्हतं. काही ठिकाणी बारा आणे म्हणजेच सर्वसाधारण पीक धरत. सोळाचा अर्थ जागोजागी हलत होता आणि त्यावरून काढलेला चार मात्र कायद्यासारखा ठाम होता.

हा चार १९१८ साली मोठा गाजला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पिकं गेली होती. महसुलाच्या नियमांप्रमाणे पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब ठेवण्याची मागणी शेतकऱ्याला करता येत असे. सरकारी अंदाज चार आण्यांच्या वर, शेतकऱ्यांचा खाली. गांधीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून स्वतः आणेवारी काढली. मुंबई-पुण्याहून भारतसेवक समाजाची मंडळीही चौकशीला गेली. मार्चमध्ये नडियादला सत्याग्रह सुरू झाला, वल्लभभाई पटेल त्यात उतरले, गुरं-भांडी जप्त झाली. सत्याग्रहाचा इतिहास आपण नैतिक बळाचा म्हणून वाचतो आणि तो तसा आहेच. पण त्याच्या मुळाशी एक रोकडा हिशेबी प्रश्न होता, पीक चारच्या वर की खाली, आणि हे सांगण्याचा अधिकार कोणाचा. लोकांनी सरकारचं माप सरकारकडूनच उचललं आणि तेच सरकारपुढे धरलं. दहा वर्षांनी बारडोलीत पुन्हा तेच झालं. बारडोलीची सारावाढ सरकारने २२ टक्के ठरवली होती. लढ्यानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव चौकशी करून ती सहा टक्क्यांच्या आसपास आणली.

१ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले, आणे मोडीत निघाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. जुनी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. हिशेब मात्र शंभराचा झाला. यंदाचं हेक्टरी उत्पन्न भागिले प्रमाण उत्पन्न, गुणिले शंभर. सप्टेंबरअखेर नजरअंदाज पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. आणि रेघ मारली ती पन्नास पैशांवर.

पन्नासच्या खाली गाव गेलं की काय मिळतं, त्याची यादी मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तोंडपाठ असते: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत ढील, गरज असेल तिथे टँकर, आणि थकबाकीपायी पंपाची वीज न तोडणं. एकावन्न पैसेवाल्या गावाला यातलं काही नाही. दोन गावांच्या मध्ये एक ओढा. ओढ्याच्या अलीकडची ज्वारी आणि पलीकडची ज्वारी सारखीच करपलेली. अलीकडच्या पोराची परीक्षा फी माफ, पलीकडच्याने भरायची.

त्यामुळे पैसेवारीच्या दिवसांत गावाची भाषा बदलते. एरवी कोण किती क्विंटल काढतो यावर पारावर पैजा लागतात. सोयाबीनला एकरी अकरा पोती झाली म्हणून फेटा बांधून फोटो काढलेला गडी समितीपुढे मात्र म्हणतो, 'कुठलं काय साहेब, दाणाच भरला नाही.' तो खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही. त्याने दोन वेगवेगळ्या मापांपुढे उभं राहायचं दोन तऱ्हेने शिकून घेतलंय. पैसेवारीसाठी मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, सरपंच आणि गावातले एकदोन शेतकरी एकत्र बसतात, तेव्हा खुर्च्यांवरच्या प्रत्येकाला उत्तर काय यायला हवं ते ठाऊक असतं आणि प्रत्येकाचं हवं असलेलं उत्तर वेगळं असतं.

पीक मोजतात कसं, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. शेतात नशिबाच्या चिठ्ठीप्रमाणे एक जागा निघते. तिथे खुंट्या ठोकून दोरीने आयत आखायचा, समजा दहा मीटर बाय पाच. आतलं पीक कापायचं, झोडपायचं, उफणायचं, वजन करायचं. ओलसर असेल तर वाळवून पुन्हा. या कामात सगळा जीव त्या दोरीत असतो. दोरीला अगदी टेकून उभं असलेलं ताट आत की बाहेर? कापणाऱ्या बाईचा हात ते आत घेतो. भरलेलं कणीस बाहेर कोण ठेवील?

एका ताटाने काय होतंय, असं वाटेल. या एका ताटावरून भारतातल्या दोन थोर संख्याशास्त्रज्ञांची जुंपली होती. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना पाहणीचं शास्त्र शेतात आणलं. छोटे वर्तुळाकार तुकडे कापायचे, पण पुष्कळ कापायचे, म्हणजे कमी खर्चात जास्त ठिकाणं हाती येतात, हा त्यांचा विचार. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावचे, म्हणजे पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलखातले. ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. त्यांनी लहान आणि मोठे तुकडे शेजारी शेजारी कापून पाहिले आणि १९४६ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की लहान तुकडे पीक फुगवून दाखवतात.

कारण कागदावर करून पाहता येतं. चार फूट त्रिज्येचं वर्तुळ घ्या. दोरी चहूबाजूंनी दोन इंच बाहेर सरकली तर क्षेत्र साडेआठ टक्क्यांनी वाढतं. दोन फूट त्रिज्येचं घेतलं तर तेवढ्याच दोन इंचांनी सतरा टक्के वाढतं. दहा बाय पाच मीटरच्या आयतात दोन इंचांची चूक तीन टक्क्यांवर भागते. तुकडा जितका लहान, तितकी त्याला आतल्या मानाने कड जास्त, आणि चूक नेहमी कडेलाच होते. शिवाय ती चूक एकाच दिशेची असते. पुष्कळ तुकडे कापले की आपसांतल्या चुका फिटतात हे खरं, पण सगळे हात दाणा आतच ओढत असतील तर हजार तुकडे कापूनही ती फिटत नाही. आजही भारतात पीक कापणीचे आयत मोठे असतात, त्यात बुधच्या या माणसाचा वाटा आहे. एका कणसाचं देशभराच्या उत्पादनाच्या आकड्याशी असलेलं नातं इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

सुखात्मे पुढे रोमला, जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले. १९५१ ते १९७० तिथल्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. त्या संघटनेचे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांनी दोनतृतीयांश मानवजात उपाशी किंवा अर्धपोटी आहे असं जाहीर केलं होतं आणि जगाने ते उचललं होतं. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये आकडे पुन्हा मांडले. पुरेसं अन्नच न मिळणारे दहा ते पंधरा टक्के. मिळतं पण सत्त्वहीन मिळतं असे धरले तर निम्म्यापर्यंत. कोट्यवधी माणसं एका निबंधाने उपाशांच्या रांगेतून बाहेर पडली. त्यांच्या ताटात त्या दिवशी काही जास्त पडलं नव्हतं.

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात आले. तिथे गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर होते. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणसी रोज २२५० कॅलरी मिळवून देणारा खर्च त्यांनी काढला: १९६०-६१ च्या भावाने खेड्यात महिन्याला सुमारे १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली खेड्यातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरातले पन्नास टक्के लोक निघाले. दारिद्र्यरेषा हा शब्द आज कीर्तनकाराच्याही तोंडी असतो. तो तिथवर पोहोचण्यात या अभ्यासाचा हात मोठा आहे.

सुखात्म्यांचा आक्षेप शरीरावरून होता. माणसाची गरज म्हणजे एक ठोकळ आकडा नव्हे. ती माणसामाणसांत वेगळी असतेच, एकाच माणसात आठवड्याआठवड्याला हलते, आणि शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. सरासरीच्या खाली दिसला तो उपाशी असं धरलं तर धडधाकट माणसांनाही आपण उपाशी ठरवू. शिवाय पोटात जंत आणि हगवण असेल तर नुसत्या भाकरीने काय होणार, पाणी आधी बघा, असं त्यांचं म्हणणं. दांडेकरांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हे सगळं खोडून काढायला लेखणी उचलली. एकच शहर, दोघेही संख्याशास्त्रात मुरलेले, आणि भांडण कशाचं तर देशात किती माणसं उपाशी आहेत याचं. सुखात्म्यांचं पाण्याबद्दलचं म्हणणं काळाने खरं ठरवलं असं मला वाटतं. पण रेषेच्या बाबतीत माझं मत दांडेकरांकडे झुकतं. शरीर जुळवून घेतं हे खरं असलं तरी काय गमावून जुळवून घेतं, ते त्या आकड्यात कुठे दिसत नाही.

आणि रेषा थोडी वरखाली केली की काय होतं? २००४-०५ ची पाहणी जुन्या रेषेने मोजली तेव्हा देशात २७.५ टक्के गरीब होते. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये रेषा नव्याने आखली आणि त्याच वर्षाचे, त्याच पाहणीतले गरीब ३७.२ टक्के झाले. म्हणजे दहा कोटींवर माणसं वाढली. एवढं करूनही दोन वर्षांनी शहरात दिवसाला ३२ रुपये हा आकडा सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा देशभर टर उडाली. गंमत म्हणजे टर उडवली ती त्याच रेषेची, जिने गरीब कमी नव्हे तर जास्त दाखवले होते.

गरिबाच्या दारात ही रेषा कॅलरीच्या रूपाने येत नाही. ती रंगाने येते. १ मे १९९९ पासून महाराष्ट्रात शिधापत्रिका तिरंगी झाल्या. वर्षाचं उत्पन्न १५,००० च्या आत असेल तर पिवळी, एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरी. तेव्हापासून 'तुम्ही कशात?' या प्रश्नाला जात-धर्माखेरीज आणखी एक उत्तर तयार झालं. 'आम्ही पिवळ्यात.' 'त्यांचं केशरी हाय, पण मुलगा नोकरीला हाय.' आमच्या सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, 'ताई, आमचं पांढरं झालंय, लई नुकसान झालं.' पांढरं होणं हे आजार झाल्यासारखं त्या बोलत होत्या. चूक कुठे तरी नोंदीत झाली होती आणि तीन कचेऱ्या हिंडूनही ती कोणाची हे कळत नव्हतं.

२००२ च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत तर घराला गुण दिले. तेरा प्रश्न, प्रत्येकी शून्य ते चार, एकूण ५२. जमीन किती, घर कसलं, संडास आहे का, कर्ज कोणाचं. एक प्रश्न कपड्यांचा होता: माणसी नेहमीच्या वापराचे कपडे किती? दोनपेक्षा कमी, दोन ते चार, चार ते सहा, सहा ते दहा, दहा किंवा जास्त. दांडीवर वाळत घातलेलं लुगडं आत नेऊन ठेवावं की नाही, असा विचार करायला लावणारी ही प्रश्नपत्रिका. इथे कमी गुण मिळवणारा पास. उत्पन्नाच्या दाखल्याचंही तेच. माणूस खिडकीशी उभा राहतो आणि आतून प्रश्न येतो, 'किती टाकू?' दाखल्यावरचा आकडा तो कमावतो त्याच्याशी जुळत नाही, ज्या योजनेला जोडायचा तिच्या मर्यादेशी जुळतो. अशा लाखो दाखल्यांची बेरीज करून पुन्हा राज्याचं चित्र काढायचं म्हटलं, तर आपण आपल्याच नियमांचा फोटो काढत असू.

दांडेकरांनी महाराष्ट्राला आणखी एक शब्द दिला, किंवा देवविला म्हणू: अनुशेष. विदर्भ-मराठवाडा मागे पडतोय ही तक्रार राज्य झाल्यापासूनची. ती किती खरी हे शोधायला १९८३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी नऊ क्षेत्रं घेतली. प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीपर्यंत आणायला किती पैसे लागतील तो त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात एकूण आकडा आला ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भ ३९.१२ टक्के, मराठवाडा २३.५६, उर्वरित महाराष्ट्र ३७.३२.

शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ज्याला 'खाऊन बसलेला' म्हणून इतरांनी बोल लावायचा, त्या उर्वरित महाराष्ट्राच्या वाट्याला एकतृतीयांशाहून जास्त अनुशेष. समितीने मोजणीचं एकक जिल्हा धरलं होतं आणि एका जिल्ह्याची सरशी दुसऱ्याच्या तुटीतून वजा केली नव्हती. कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातले मागे पडलेले जिल्हे त्यामुळे उघडे झाले. न्यायाच्या दृष्टीने यात काही वावगं नाही. पण ज्यांनी प्रदेशाचा प्रश्न विचारला होता त्यांना उत्तर जिल्ह्याचं मिळालं. नंतर याच प्रश्नावर नेमलेल्या केळकर समितीने एकक तालुका असावं म्हटलं. तसं केलं असतं तर पुण्यातला वेल्हे आणि यवतमाळातला झरी जामणी एकाच ओळीत आले असते आणि वाद पुन्हा तिसऱ्याच दिशेला गेला असता.

आता नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात अनुशेषाखेरीज पान हलत नाही. सिंचनाचा अनुशेष, नोकरभरतीचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. हा शब्द नव्हता तेव्हा वऱ्हाडातला माणूस आपल्या मुलखाबद्दल कापूस, नागपूर करार, वेगळं राज्य या भाषेत बोलायचा; त्यात राग होता, अस्मिता होती. आता तो कोटींत बोलतो. राग कोटींत मांडला की तो ऐकला जातो. त्याबरोबर तो कोटींनी फेडताही येतो, असं समोरच्याला वाटू लागतं.

पीकविम्यातही दांडेकर आहेतच. एकेका शेतकऱ्याचं नुकसान बघत बसण्यापेक्षा एका मुलखाचं सरासरी उत्पन्न मोजावं आणि ते घसरलं तर सगळ्यांना भरपाई द्यावी, ही मांडणी त्यांनी सत्तरच्या दशकात केली आणि पुढच्या पीकविमा योजना तिच्यावर उभ्या राहिल्या. त्या हिशेबात एक सुंदर मराठी शब्द आला आहे, उंबरठा उत्पादन. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच निवडायची, त्यांची सरासरी काढायची आणि जोखीमस्तर सत्तर टक्के असेल तर तिचे सत्तर टक्के घ्यायचे. सरासरी दहा क्विंटल असेल तर उंबरठा सात. पण सातात चार वर्षं दुष्काळाची गेली, तर चांगली म्हणून निवडलेल्या पाचांत दोन वाईट येणारच. उंबरठा खाली सरकतो. ज्या मुलखात दुष्काळ घर करून बसलाय, तिथे थोडं पिकलं तरी उंबरठ्याच्या वरच पिकतं. मराठवाड्यातला शेतकरी 'आमच्याकडं एवढंच पिकतं' म्हणतो, त्यात जमिनीचा अनुभव किती आणि या हिशेबाचा भाग किती, हे आता त्यालाही सांगता येणार नाही.

पैसेवारीचं राज्य अलीकडे खालसा होत आलं आहे. केंद्राची दुष्काळ संहिता २०१६ मध्ये आली आणि पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, उपग्रहाला दिसणारी हिरवाई हे निकष झाले. २०१८ मध्ये महाराष्ट्राने त्यांवरून १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, ११२ गंभीर आणि ३९ मध्यम. २०२३ मध्ये ४० तालुके निघाले. गावाऐवजी तालुका हे एकक झालं आणि पारावर नवे शब्द आले. 'आपल्याला ट्रिगर-टू लागला का?', म्हणजे निकषांची दुसरी पायरी लागू झाली का. पावसाचंही माप महसूल मंडळावर आलं आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर अतिवृष्टी. पर्जन्यमापक असतो मंडळाच्या एका गावात, आणि श्रावणातला पाऊस बांधाच्या एका अंगाला पडतो नि दुसऱ्याला कोरडं ठेवतो. घरातली भांडी वाहून गेलेल्या गावाच्या नावापुढे ४१ मिलिमीटर लिहिलेलं असतं.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारलाही पर्जन्यमापक आहेत. तिथे पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून पाण्याची कामं झाली, ते सर्वांना माहीत आहे. बोअरवेलच्या पाण्यावर शेती नाही, ऊस-केळी नाही, हेही. मला त्यातलं पाण्याचं अंदाजपत्रक सर्वांत रोचक वाटतं. पावसाळा सरला की गावात किती पाऊस पडला, विहिरींत पाणी किती, माणसांना आणि गुरांना वर्षभर किती लागेल, याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. उरेल त्यावर रब्बी किती पेरायची ते ठरतं. पाऊस कमी असेल त्या वर्षी उन्हाळी पीक घ्यायचं नाही, आणि हा आकडा वर किंवा खाली दाखवून कोणाच्या पदरात काही पडत नाही. तो कुठल्या कचेरीत पाठवायचा नसतो, त्याखाली तहसीलदारांची सही लागत नाही. विहिरीत दोरी सोडून पाणी मोजणारा माणूस कोणी लांबचा नसतो. त्याच विहिरीवर त्याचा स्वतःचा कांदा उभा असतो.